नवा लॅपटॉप, जुना पीएलसी आणि मधली केबल

टर्बो सी ची ती निळी स्क्रीन आठवते? फर्स्ट इयरला प्रॅक्टिकलमध्ये आपण ती डॉसबॉक्समध्ये उघडायचो, आणि माउस त्या खिडकीत अडकला की शेजारच्याला विचारायचो, "अरे, आता बाहेर कसं यायचं?" तेव्हा मला वाटायचं, हा काय आचरटपणा! नव्या कॉम्प्युटरवर तीस वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर कोण वापरतं? आता उत्तर कळलंय. कारखाने वापरतात, आणि तेही नाइलाजाने.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन-प्लान्ट ट्रेनिंगला होते. तिथे पुठ्ठ्याचे खोके कापणारं एक मशीन आहे, जर्मनीहून सेकंड हँड आणलेलं. त्याचं पॅनेल उघडलं तर आत सीमेन्सचा एस५-११५यू पीएलसी. आपल्या सिलॅबसमध्ये एस७ आहे. हा त्याचा बाप. एस५ ही मालिका बाजारात आली १९७९ मध्ये, आणि एस७ आला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे हा कंट्रोलर माझ्यापेक्षा वयाने मोठा. पण मशीन ठणठणीत. पुठ्ठा आत, खोका बाहेर, दिवसभर.

फक्त एकच गोष्ट खटकली. पॉवर सप्लाय मॉड्यूलवर 'बॅट लो' असा पिवळा दिवा पेटलेला होता. मेंटेनन्सच्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "अगं, तो पेटलेलाच असतो. काही होत नाही."

"काका, प्रोग्रॅम रॅममध्ये आहे की ईप्रॉममध्ये?"

काका थांबले. मग त्यांनी सीपीयूवरचा मेमरी मॉड्यूलचा खाचा बघितला. खाचा रिकामा होता.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी सांगते. पीएलसी म्हणजे मशीनचा मेंदू. सेन्सर काय सांगतात ते वाचायचं, लॅडर प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत चालवायचा, मोटर-व्हॉल्व्ह चालू-बंद करायचे, आणि हे सेकंदाला अनेक वेळा. जुन्या कंट्रोलरमध्ये हा प्रोग्रॅम साध्या रॅममध्ये राहतो. मेन स्विच चालू असेपर्यंत प्रश्न नाही. स्विच बंद झाला की रॅमला जिवंत ठेवते एक छोटी लिथियम बॅटरी. ती संपली आणि लाइट गेली, तर प्रोग्रॅम गेला. मशीन लोखंड म्हणून शाबूत राहतं, पण त्याला काय करायचं तेच आठवत नाही.

बॅटरी बदलणं सोपं आहे, फक्त ती पॉवर चालू असताना बदलायची. उलटं केलंत तर बॅटरी नवी कोरी आणि मेमरीही नवी कोरी! पण हात लावताना काही घोळ झालाच तर हाताशी बॅकअप हवा. आणि कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, गुरुवारी रात्री मेन स्विच बंद होणार. त्या दिवशी वार होता मंगळवार. आजवर प्रत्येक शुक्रवार त्या पिवळ्या दिव्याने निभावून नेला होता, या शुक्रवारचं कोणी सांगावं?

बॅकअप म्हणजे कपाटातला फ्लॉपीचा डबा आणि कोणीतरी कधीतरी पेन ड्राइव्हवर घेतलेली 'स्टेप ५' सॉफ्टवेअरची कॉपी. एस५ चा प्रोग्रॅम लिहायला, वाचायला हेच सॉफ्टवेअर लागतं. साहेबांनी त्यांचा नवा विंडोज ११ चा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "तू इंजिनिअरिंगची ना? बघ."

मी डबल क्लिक केलं. उत्तर आलं की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. मग आपण सगळे जे करतो ते केलं: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. काही उपयोग नाही. आणि होणारही नव्हता, कारण ती कम्पॅटिबिलिटीची खूण प्रोग्रॅमला मुख्यतः एवढंच खोटं सांगते की विंडोजचं व्हर्जन जुनं आहे. इथे अडचण व्हर्जनची नव्हतीच.

अडचण प्रोसेसरपाशी आहे. डॉसचे प्रोग्रॅम १६ बिटचे. इंटेलने १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये एक सोय दिली, तिचं नाव व्हर्च्युअल ८०८६ मोड. ३२ बिट विंडोज या सोयीच्या आधाराने डॉस प्रोग्रॅमसाठी एक खोटी खोटी जुनी मशीन उभी करायची; विंडोज एनटीमध्ये त्या भागाला एनटीव्हीडीएम म्हणतात. पण ६४ बिट प्रोसेसर जेव्हा लाँग मोडमध्ये जातो तेव्हा व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळतच नाही. म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने एनटीव्हीडीएम दिलेलंच नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, त्यात ते मागून घेता यायचं. पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही. दरवाजा बंद.

मग डॉसबॉक्स. २००२ पासून मिळणारा हा प्रोग्रॅम मुळात जुने गेम खेळायला बनवलाय. तो प्रोसेसरची सोय वगैरे मागत बसत नाही, तो अख्खा जुना प्रोसेसरच सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करतो. एकेक इन्स्ट्रक्शन वाचायची आणि तिने जे केलं असतं ते आपण करायचं. त्यामुळे वेगही आपल्या हातात राहतो. याचा फायदा कुठे होतो ते एका उदाहरणाने सांगते, कारण मला ते फारच आवडलं.

टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले बरेच जुने प्रोग्रॅम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या पेंटियमवर सुरू होतानाच मरायचे. मेसेज यायचा 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार. आता शून्य कुठून आलं? आलंच नव्हतं. थांबण्याचं फंक्शन नीट चालावं म्हणून प्रोग्रॅम सुरुवातीला मोजायचा, की घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदात, एक रिकामा लूप किती वेळा फिरतो. आलेला आकडा ५५ ने भागायचा. उत्तर १६ बिटमध्ये, म्हणजे ६५५३५ पर्यंत, मावेल असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं. प्रोसेसर इतके वेगवान झाले की उत्तर मावेना. आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये भागाकार मावला नाही काय आणि शून्याने भागलं काय, दोन्हीला एकच इंटरप्ट! कॉम्प्युटर फार चांगला झाला म्हणून प्रोग्रॅम बंद पडला, ही गोष्ट व्हायवात विचारली तर मजा येईल. (सर, मला सोडून.)

असो. डॉसबॉक्समध्ये स्टेप ५ चा मेनू आला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. काकासुद्धा खुर्ची ओढून बसले. "हेच ते! हेच असायचं!" म्हणाले. आम्हा दोघांना वाटलं, झालं काम. खरं म्हणजे तिथून पुढे काम सुरू झालं.

सॉफ्टवेअर उघडणं आणि सॉफ्टवेअरने कंट्रोलरशी बोलणं यात पूर्ण दिवसाचं अंतर आहे. जुन्या कॉम्प्युटरला मागे नऊ पिनचा सीरियल पोर्ट असायचा. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून त्याची चिप आणि पत्ता ठरलेला: कॉम १ म्हणजे ३एफ८ आणि इंटरप्ट ४, कॉम २ म्हणजे २एफ८ आणि इंटरप्ट ३. डॉसचे प्रोग्रॅम कोणाची परवानगी न घेता थेट त्या पत्त्यावर जाऊन चिपच्या रजिस्टरमध्ये लिहायचे. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. आपण यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर लावतो. विंडोज त्याला कॉम ५, कॉम ११ असं काहीतरी नाव देते. पण ३एफ८ या पत्त्यावर प्रत्यक्षात कोणीच राहत नाही! डॉसबॉक्स तिथे एक खोटी चिप बसवतो आणि तिचं बोलणं खऱ्या पोर्टला पोचवतो. त्यासाठी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पहिल्या सीरियल पोर्टसमोर 'डायरेक्टसीरियल' आणि खऱ्या पोर्टचं नाव लिहावं लागतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कन्व्हर्टरला कॉम १ ते ४ पैकी नंबर देऊन टाकलेला बरा, कारण जुन्या सॉफ्टवेअरला त्यापुढे मोजता येत नाही.

एवढं करूनही आमचं कनेक्शन लागायचं, दोन सेकंद टिकायचं आणि तुटायचं. लागायचं, तुटायचं. कधी एक ब्लॉक यायचा, कधी काहीच नाही. मी केबल बदलली, कन्व्हर्टर बदलला, देवाचं नाव घेतलं.

कारण वेळेत होतं. हिशोब करू. एस५ चा प्रोटोकॉल ९६०० बॉडवर चालतो. एका अक्षराला एक स्टार्ट बिट, आठ डेटा, एक पॅरिटी आणि एक स्टॉप, म्हणजे ११ बिट. ११ भागिले ९६०० केलं की साधारण १.१५ मिलिसेकंद येतात. आता यूएसबी कन्व्हर्टर बघा. त्यात आलेलं अक्षर लगेच कॉम्प्युटरला मिळत नाही. यूएसबीवर गठ्ठ्याने पाठवणं सोयीचं, म्हणून चिप थोडं थांबते, अजून काही येतंय का बघते. एफटीडीआयच्या चिपमध्ये हे थांबणं सुरुवातीला १६ मिलिसेकंदांवर ठेवलेलं असतं. १६ मिलिसेकंद म्हणजे १४ अक्षरांचा वेळ! मोठी फाइल एकतर्फी पाठवायची असेल तर काही फरक पडत नाही. पण हा प्रोटोकॉल दोन म्हाताऱ्या माणसांसारखा बोलतो. एक म्हणतो "बोलू का?", दुसरा म्हणतो "बोल". मग एक शब्द. मग "कळलं का?", "कळलं." प्रत्येक 'कळलं' ला १६ मिलिसेकंद उशीर, त्यात डॉसबॉक्सची स्वतःची दिरंगाई, आणि जुन्या प्रोग्रॅमचा धीर सुटतो. टाइम आउट.

हे थांबणं डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'लेटन्सी टायमर' या नावाने सापडतं आणि १ मिलिसेकंदापर्यंत खाली आणता येतं. बऱ्याच जणांचं काम एवढ्यानेच होतं. आमच्या स्वस्तातल्या कन्व्हर्टरला ती सेटिंगच नव्हती. कन्व्हर्टर विकत घेताना चिप कोणती ते विचारा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. नकली चिपवर नवे ड्रायव्हर चालत नाहीत हाही अनुभव पुष्कळांचा आहे. २०१४ मध्ये तर एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता, त्यावरून बराच गोंधळ झाला.

अजून एक खाच. एस५ चा पोर्ट आरएस-२३२ नाहीच मुळी. तो आहे २० मिलिॲम्पचा करंट लूप, ज्याला टीटीवाय म्हणतात, जुन्या टेलिप्रिंटरवरून. आरएस-२३२ मध्ये एक आणि शून्य व्होल्टेजवरून ठरतं, इथे करंट वाहतोय की नाही यावरून. म्हणून मध्ये कन्व्हर्टरची डबी लागते. शिवाय हा करंट द्यायचा कोणी, हे ठरलेलं असावं लागतं. दोन्ही बाजू 'तू दे, तू दे' करत बसल्या तर केबल अगदी बरोबर असूनही एक अक्षर जाणार नाही. लग्नातल्या बिलासारखं. पंधरा पिनचा कनेक्टर बघून कोणी घरी केबल जोडायला जाऊ नका. पिनची जोडणी मॅन्युअलमधून घ्या. काकांच्या कपाटात मूळ डबी होती, नाहीतर इथेच आमचा शुक्रवार उजाडला असता.

तुम्ही म्हणाल, व्हर्च्युअल मशीन का नाही केलं? बरोबर आहे, आणि पुष्कळ सॉफ्टवेअरला तेच उत्तम. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरमध्ये ३२ बिट एक्सपी टाकायचा, त्यात जुनं सॉफ्टवेअर. आतल्या एक्सपीला वाटतं की आपण खऱ्या मशीनवर आहोत. अख्खं मशीन काही फाइलींमध्ये मावतं, कॉपी करून तीन ठिकाणी ठेवता येतं, बिघडलं तर कालच्या स्थितीला परत आणता येतं. कारखान्याने कॉम्प्युटर सांभाळण्यापेक्षा ही कॉपी सांभाळावी असं माझं मत झालंय. फक्त त्या एक्सपीचं नेटवर्क बंद ठेवा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, आणि मे २०१७ च्या वॉनाक्रायने जुन्या, अपडेट न केलेल्या विंडोजचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

पण व्हर्च्युअल मशीन नसलेलं हार्डवेअर निर्माण करू शकत नाही. काही जुने पीएलसी सीरियल पोर्टवर बोलायचेच नाहीत. ॲलन-ब्रॅडलीच्या डेटा हायवे प्लससाठी १७८४-केटी नावाचं कार्ड, मॉडिकॉनच्या मॉडबस प्लससाठी एसए८५, ही दोन्ही आयएसए स्लॉटची कार्डं. आयएसए स्लॉट असलेला मदरबोर्ड आता शोधावा लागतो. तिथे एक तर जुना कॉम्प्युटर जपायचा, नाहीतर त्या नेटवर्कसाठी नंतर निघालेला यूएसबी किंवा इथरनेटचा वेगळा इंटरफेस घ्यायचा, आणि त्याची किंमत ऐकून साहेब गप्प होतात.

आणि लायसन्स! आज आपण पासवर्ड टाकतो. तेव्हा लायसन्स फ्लॉपीत असायचं. रॉकवेलच्या आरएसलॉजिक्सबरोबर 'मास्टर डिस्क' यायची. त्यातून ॲक्टिव्हेशन हार्ड डिस्कवर 'हलवायचं', कॉपी नाही. सीमेन्सच्या स्टेप ७ चं लायसन्सही असंच, हार्ड डिस्कवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. लायसन्स परत फ्लॉपीवर न घेता कोणी डिस्क फॉरमॅट केली, की हजारो रुपयांचं लायसन्स साफ. तेव्हा जुना पीसी 'क्लीन' करण्याआधी त्यात काय बसलंय ते बघा. हे वाक्य मी आपल्या लॅबसाठीही लिहितेय, पण त्याबद्दल शेवटी.

बुधवारी संध्याकाळी काकांना आठवलं की स्टोअरमध्ये अकाउंट्सचा एक जुना डेस्कटॉप पडलाय. विंडोज ९८. मागे खराखुरा नऊ पिनचा पोर्ट! सुरू केला तर तारीख दाखवली १ जानेवारी १९८०, कारण त्याच्याही मदरबोर्डवरची बॅटरी मेलेली. (बॅटरीने आमचा पिच्छाच सोडला नाही.) आता पेन ड्राइव्हवरचं स्टेप ५ त्यात घालायचं कसं? विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह ड्रायव्हरशिवाय कळत नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, फ्लॉपी ड्राइव्ह तर नाहीच. शेवटी डेस्कटॉपची हार्ड डिस्क काढली, यूएसबी ते आयडीई ॲडाप्टर लावून लॅपटॉपला जोडली, फोल्डर कॉपी केला आणि डिस्क परत बसवली. डिस्क फॅट ३२ असल्यामुळे विंडोज ११ ने तिला मुकाट वाचलं.

गुरुवारी सकाळी मशीन थांबवून, 'रीस्टार्ट इन एमएस-डॉस मोड' करून स्टेप ५ उघडलं. पहिल्याच प्रयत्नात कनेक्शन लागलं आणि टिकलं. मधे विंडोज नाही, यूएसबी नाही, खोटी चिप नाही.

आणि इथे मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक करता करता वाचले. ट्रान्स्फरच्या पानावर दोन रकाने असतात, कुठून आणि कुठे. पर्याय दोन, 'एफडी' आणि 'पीसी'. मला कंट्रोलरमधून कॉम्प्युटरमध्ये आणायचं होतं. म्हणजे 'कुठे' मध्ये पीसी, बरोबर? मी तेच टाइप केलं. एंटर दाबणार, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब. पीसी म्हणजे हा." आणि त्यांनी बोट दाखवलं पॅनेलकडे.

जुन्या इंग्रजी स्टेप ५ मध्ये पीसी म्हणजे पर्सनल कॉम्प्युटर नाही, प्रोग्रॅमेबल कंट्रोलर. एफडी म्हणजे आपल्याकडची डिस्कवरची फाइल. मी एंटर दाबलं असतं तर फ्लॉपीवरून आलेला जुना प्रोग्रॅम कंट्रोलरमधल्या चालू प्रोग्रॅमवर जाऊन बसला असता. काकांनी कॉलेज केलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी मशीन बसवायला आलेल्या माणसाच्या मागे उभं राहून बघितलेलं, तेवढं त्यांच्या लक्षात होतं.

जर्मन आवृत्ती असती तर आणखी धमाल. जर्मनमध्ये इनपुट म्हणजे 'ई', आउटपुट म्हणजे 'ए', आणि अँडसाठी 'यू'. इंग्रजी आवृत्तीत इनपुट 'आय', आउटपुट 'क्यू', आणि अँडसाठी 'ए'. म्हणजे जर्मन कागदावरचा 'ए' आउटपुट आहे आणि इंग्रजी स्क्रीनवरचा 'ए' लॉजिक. कागद एका भाषेतला आणि स्क्रीन दुसऱ्या भाषेतली असली की तास दोन तास कुठे जातात कळत नाही.

प्रोग्रॅम मिनिटभरात आला. सॉफ्टवेअरमध्येच तुलना करण्याची सोय आहे, ती वापरून कंट्रोलर आणि फाइल एकसारखे आहेत हे बघितलं. मग उत्सुकता म्हणून फ्लॉपीवरच्या प्रोग्रॅमशीही ताडून बघितलं. एक ब्लॉक वेगळा निघाला. कंट्रोलरमध्ये एक अट जास्त होती, फ्लॉपीत नव्हती. काकांनी तो इनपुट नंबर बघितला, मशीनला वळसा घातला आणि समोरची जाळी उघडली. इनपुट मॉड्यूलवरचा तेवढा एक हिरवा दिवा विझला.

जाळी उघडी असताना सुरी खाली येऊ नये, ही ती अट. मूळ फ्लॉपी तयार झाल्यानंतर केव्हातरी कोणीतरी ती टाकली होती आणि बॅकअप घ्यायचा राहिला होता. बॅटरी गेली असती, आणि आम्ही शहाण्यासारखं फ्लॉपीवरून प्रोग्रॅम परत भरला असता, तर मशीन सुरू झालं असतं, खोके बाहेर पडले असते, सगळे खूश झाले असते. आणि जाळी नुसती शोभेची राहिली असती. मला त्या दिवशी दुपारी जेवण गेलं नाही.

एक गोष्ट मात्र परत मिळाली नाही. एस५ च्या मेमरीत फक्त कोड राहतो, 'आय ३२.४ म्हणजे समोरची जाळी' ही नावं आणि कॉमेंट कॉम्प्युटरच्या फाइलींमध्ये. प्रोग्रॅमच्या फाइलचं नाव सहा अक्षरी, पुढे 'एसटी' आणि एक्स्टेन्शन 'एस५डी'. नावांची यादी 'झेड०' शेपटीच्या वेगळ्या फाइलमध्ये. फ्लॉपीवर नेमकी तीच फाइल वाचताना एरर आला. म्हणजे आमच्याकडे आता संपूर्ण, बिनचूक आणि अजिबात न कळणारा प्रोग्रॅम होता. तेव्हा बॅकअप घेताना फक्त एसटीची फाइल उचलू नका, त्या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली घ्या.

मग गुरुवारची उरलेली दुपार आम्ही ती यादी हाताने केली. ६४ इनपुट. काका एकेक सेन्सर हाताने दाबायचे, लोखंडाचा तुकडा समोर धरायचे, मी पॅनेलपाशी कोणता दिवा लागतो ते बघून वहीत लिहायची. "पुठ्ठा आला!" "३३.१!" "हवेचं प्रेशर!" "३३.२!" अशी आरडाओरड. सात इनपुटना काही जोडलेलंच नव्हतं. एक सेन्सर दाबल्यावर कुठलाच दिवा लागेना. तो मेलेला होता आणि कोणाला पत्ता नव्हता.

साडेपाचला, पॉवर चालू ठेवून, काकांनी बॅटरी बदलली. रिसेट दाबल्यावर पिवळा दिवा विझला. सात वाजता मेन स्विच बंद झाला. शनिवारी सकाळी मी अर्धा तास आधीच गेले होते. काका माझ्याही आधी आलेले. मशीन सुरू झालं.

जगात असं करणारे आपण एकटे नाही. मॅक्लारेन एफ-१ ही नव्वदच्या दशकातली कोट्यवधींची कार. तिची सर्व्हिस करायला कंपनी तेव्हाचाच कॉम्पॅक एलटीई ५२८० लॅपटॉप वापरत होती, कारण गाडीशी बोलायला लागणारं खास कार्ड त्यातच बसायचं. २०१६ मध्ये ही बातमी खूप फिरली. तिथल्या लोकांनी तो लॅपटॉप भंगारात काढला नाही, एवढंच.

आता आपल्याकडे. इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये खिडकीजवळ जो पिवळा पडलेला पीसी आहे, ज्यावर आपण दप्तरं ठेवतो, त्याला मागे खरा सीरियल पोर्ट आहे आणि कॅबिनेटच्या आत एक आयएसए कार्ड आहे. मी झाकण उघडून बघितलं (लॅब असिस्टंट काकांना विचारून). शेजारच्या जुन्या पीएलसी ट्रेनरचं सॉफ्टवेअर फक्त त्यातच आहे, आणि त्या ट्रेनरचाही बॅटरीचा दिवा लागलेला आहे. हा पीसी यंदाच्या राइट-ऑफच्या यादीत आहे असं कळलं. यादीतून तो काढावा, निदान हार्ड डिस्कची इमेज आणि ट्रेनरमधला प्रोग्रॅम घेईपर्यंत थांबावं, असा अर्ज मी एचओडी सरांच्या टेबलावर ठेवलाय. केबल माझ्याकडे आहे. दोन दिवसांचं काम आहे, एकटीने व्हायचं नाही. ज्यांना यायचंय त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात नाव आणि ब्रँच लिहून चिठ्ठी ठेवावी. आणि कोणाच्या घरी माळ्यावर फ्लॉपी ड्राइव्ह पडला असेल, तर सुट्टीवरून येताना आणा.